रणगाड्यावरचा चिखल कुठून आला

ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतींच्या आवारात दिवाळीला अजूनही किल्ले होतात. विटा, गोणपाट, माती, वर पेरलेले अळीव आणि तटावर मावळे. बुरुजाची कड थोडी ढासळलेली हवी, दरवाजाकडे जाणारी वाट मळलेली हवी, हे त्या पोरांना कुणी शिकवत नाही. कोराकरकरीत किल्ला त्यांनाच पटत नाही. प्लास्टिकचे रणगाडे जोडणाऱ्यांना हीच गोष्ट उमगायला मात्र बराच काळ गेला. मीही अशीच मॉडेलं करतो, आणि माझ्या टेबलावर त्यांना मळवताना रंगाच्या थरांत जे काही चालतं, त्याचं मूळ त्या काळात आहे.

आज रणगाड्याच्या मॉडेलचं सर्वात चलनी प्रमाण १/३५ आहे, म्हणजे खऱ्या गाडीचा पस्तिसावा भाग. हा आकडा कुठल्याही मोजपट्टीत सरळ बसत नाही. १/७२ चं तसं नाही: एक इंच म्हणजे सहा फूट, हिशेब सोपा. १/३५ जन्मला तो बॅटरीमुळे. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही मुळात १९४६ साली सुरू झालेली लाकडाची वखार. १९४८ पासून ती लाकडी मॉडेल्स करू लागली आणि १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट घेऊन आली. त्यानंतर लवकरच आला जर्मन ‘पँथर’ रणगाडा. तो मोटरवर चालणारा होता, म्हणून दोन बॅटऱ्या आत मावतील एवढं पोट त्याला दिलं. तो खपला, तेव्हा पुढचे रणगाडेही त्याच मापाचे करावेत असं ठरलं. कंपनीच्या शुनसाकु तामियांनी मोजून पाहिलं, तर प्रमाण साधारण १/३५ निघालं. पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

पँथर जमिनीवर धावायचा, पोरं तो चालवायची. अशा गाडीला चिखल रंगवण्याचा विचार कुणाला सुचणार? माझ्या मते खरं वळण आलं १९६८ मध्ये, जेव्हा तामियाने त्याच मापाचे सैनिक स्वतंत्र पाकिटात विकायला सुरुवात केली. टरेटमधून, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजातून डोकावणारा, बाह्या सरसावलेला माणूस आला आणि गाडीचं खेळणंपण संपलं. माणूस आहे म्हणजे तो कुठून तरी आलाय, कुठे तरी निघालाय. मग त्याची गाडी धुतल्यासारखी कशी राहील?

मळवण्याची कला मात्र रणगाडेवाल्यांची नव्हे, ती रेल्वेवाल्यांची. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथले जॉन अ‍ॅलन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या घरात छोटी रेल्वे उभारली आणि इंजिनांवर काजळी, डब्यांवर गंज, लाकडावर ऊनपावसाचे डाग रंगवले. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या ठाण्यात बसून हे वाचताना मला विशेष आनंद होतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेचे मॉडेलकार शेपर्ड पेन आणि पाठोपाठ बेल्जियमचे फ्रान्स्वा वेर्लिंडेन यांनी ही दृष्टी लष्करी मॉडेलांत रुजवली. वेर्लिंडेन यांच्या नावाशी जोडली गेलेली जोडगोळी म्हणजे वॉश आणि ड्रायब्रश. अगदी पातळ केलेला गडद रंग खाचांमध्ये, बोल्टांभोवती सोडायचा. मग ब्रशवरचा रंग जवळजवळ पुसून काढून उंचवट्यांवरून फिकट छटा हलकेच फिरवायची. हातभर अंतरावरूनही तपशील उठून दिसू लागतो. दोष एवढाच की सगळ्याच कडा सारख्या उजळतात. खऱ्या गाडीची झीज अशी समान वाटलेली नसते.

या दोषाला उत्तर मिळालं ते २००० नंतर, मुख्यतः स्पेनमधून. मिग हिमेनेस आणि त्यांच्या आसपासच्या मंडळींनी पोपडे, ओघळ, धूळ, तेल यांना वेगवेगळं तंत्र दिलं. त्याच काळात रुळलेलं हेअरस्प्रेचं तंत्र मला सर्वात आवडतं. प्रायमरवर, म्हणजे रंगाच्या पहिल्या अस्तरावर, केसांचा स्प्रे मारायचा, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग. रंग सुकला की ओल्या ब्रशने घासायचं. पाण्याने खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो. पण टवक्याखाली काय दिसायला हवं, हे इतिहासच सांगतो. जर्मन कारखान्यात लाल ऑक्साइडचा प्रायमर असायचा, आणि फेब्रुवारी १९४३ पासून त्यावर करड्याऐवजी गडद पिवळा रंग आला. म्हणून पिवळ्याखाली तांबडं दिसणं बरोबर. उघडं चकचकीत पोलाद दाखवायचं असेल, तर ते का उघडं पडलं हे सांगता आलं पाहिजे.

इथे माझं मत ठाम आहे: आज फार गंज रंगवला जातो. लढाईतल्या रणगाड्याचं आयुष्य बरेचदा काही महिन्यांचं. जाड चिलखतावर वरवरचा तांबूसपणा येतो, पत्रा सडत नाही. उष्णतेने रंग जळतो तो सायलेन्सरचा, गंजतोही तोच. ट्रॅकची जमिनीला टेकणारी बाजू तर घासून उजळ झालेली असते.

हे शिकायला मी तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलला आणि उरणच्या रस्त्याला उभा राहतो. न्हावा-शेव्याहून येणाऱ्या कंटेनरवर गंजाचा ओघळ नेहमी एखाद्या ओरखड्यापासून सुरू होऊन खाली फिकट होत जातो. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली काळपट, तुकतुकीत डाग असतो आणि धूळ नेमकी तिथेच चिकटते. पायरीचा रंग गेलेला असतो तो ड्रायव्हरचा पाय पडतो तिथेच, इतरत्र नाही.

आकारासाठी मात्र मुरबाड, माळशेज घाट ओलांडून अहिल्यानगर गाठावं. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ चं. उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना गंजापासून वाचवायला रंग द्यावाच लागतो, त्यामुळे मळ तिथे शोधू नये. पण अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यासमोर उभं राहून ओतीव पोलादाचा तो खरखरीत पोत बघावा. किटमधलं टरेट गुळगुळीत येतं. पातळ केलेली पुटी ताठ केसांच्या ब्रशने टेकवत गेलं की तो पोत उतरतो.

सध्या टेबलावर तोच पॅटन आहे, सप्टेंबर १९६५ मधला, पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईतला. आपल्या सैन्याने तिथे शेतांत पाणी सोडलं होतं, उभ्या उसात पाकिस्तानचे पॅटन रुतले आणि टिपले गेले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले ते इथेच. त्यामुळे या मॉडेलवर चिखल हवा, तोही ओला, चाकांच्या फटीत दाबून बसलेला, बाहेरच्या कडांना अर्धवट वाळून फिकट झालेला. १९७१ च्या राजस्थानातल्या लोंगेवालाचा पाकिस्तानी टी-५९ रणगाडा असता, तर हाच चिखल साफ चुकला असता. तिथे फिकी वाळू हवी, सांध्यासांध्यांत साचलेली.

जुलैत लॅकर मारला आणि तो पांढुरका पडला. द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि खाडीकडच्या दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं. तो थर पुसून काढला. नवा मारायला ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारची वाट पाहिली. दरम्यान येऊरहून आणलेली माती चाळून ठेवली होती, पण ती तांबूस निघाली. पंजाबचा गाळ फिका, भुरा. तेव्हा ती डबी दिवाळीच्या किल्ल्यासाठी खाली पोरांना दिली आणि चिखलाचं पिगमेंट पुन्हा मिसळायला घेतलं.