देज, डोंगर आणि घासाघीस

इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी पुढे या योजनेचा मागोवा घेतला, तेव्हा मुलगे जास्त शिकले आणि मोठेपणी जास्त कमावू लागले, असं दिसलं. मुलींचे आकडे तपासले, तर त्यांच्या शिक्षणाची सरासरी जागची हललेली नव्हती.

शाळा असूनही मुली का शिकत नाहीत, असा प्रश्न आला की आपण ‘मानसिकता’ असं म्हणून मोकळे होतो. शब्द चुकीचा नाही, पण आळशी आहे. कुणाची मानसिकता, नेमकी कशाबद्दलची, आणि ती कशाच्या आधारावर टिकून आहे, हे त्यातून काहीच कळत नाही.

नाव्हा अश्रफ, नॅटली बाऊ, नेथन नन आणि अलेसांद्रा वोएना या चौघांनी याच योजनेकडे पुन्हा पाहिलं. फरक इतकाच, की मुलींची विभागणी त्यांनी समाजातल्या लग्नाच्या रीतीप्रमाणे केली. इंडोनेशियातल्या काही समाजांत लग्न ठरताना मुलाकडचे मुलीच्या घरच्यांना पैसे किंवा वस्तू देतात. मराठीत याला ‘देज’ असा जुना शब्द आहे. ज्या समाजांत देज होतं, तिथे नव्या शाळांमुळे मुलींचं शिक्षण वाढलं होतं. जिथे नव्हतं, तिथे शाळा येऊनही फरक पडला नव्हता. दोन्ही गट एकत्र मोजल्यामुळे ती वाढ सरासरीत बुडून गेली होती. कारण रोकडं आहे: शिकलेल्या मुलीचं देज जास्त येतं. आफ्रिकेतल्या झांबियातही त्यांना असंच आढळलं.

देज घेणारे आईबाप काही जास्त पुढारलेले होते म्हणून मुली शिकल्या, असं यातून निघत नाही. मुलीवर केलेला खर्च परत येण्याची एक वाट त्यांना दिसत होती, एवढंच. ‘परक्याचं धन’ या शब्दांतही तोच हिशेब आहे, फक्त उलटा. ज्या घरात मुलगी राहणार नाही, त्या घराने तिच्या फीचे पैसे का भरायचे? हा विचार दुष्टपणाचा वाटतो, पण म्हातारपणी आधार म्हणून मुलाशिवाय दुसरं काही नसलेल्या माणसाला तो शहाणपणाचा वाटतो.

अर्थात देज चांगलं, असं म्हणायला मी धजणार नाही. दुष्काळ पडला की तीच रीत मुलीवर उलटते. लुचिया कॉर्नो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पीक बुडालं की मुलींची लग्नं लवकर लागतात, कारण देजाचे पैसे घरात येतात. आणि लग्न झालं की शाळा बहुधा सुटतेच. भारतात पैसा हुंड्याच्या रूपाने उलट्या दिशेने जातो, म्हणून इथे दुष्काळात मुलीचं लग्न लांबणीवर पडतं. मुलीला दोन्हीकडे कुणी विचारलेलं नसतं.

सगळंच काही पैशाच्या वहीत बसत नाही. अफगाणिस्तानातला घोर हा डोंगराळ प्रांत. तिथल्या ३१ गावांत डॅना बर्ड आणि ली लिंडन यांनी एक प्रयोग अभ्यासला. काही गावांत गावातच छोटी शाळा सुरू झाली, उरलेल्यांना त्यासाठी थांबावं लागलं. जिथे शाळा आली, तिथे शाळेत जाणाऱ्या मुलग्यांचं प्रमाण शंभरात ३५ने वाढलं, आणि मुलींचं ५२ने. दोघांमधली दरी जवळजवळ मिटली. आईबापांना कुणी उपदेश केला नव्हता. माझ्या मते त्यांचा अक्षरांना विरोध नव्हताच. पोरीने एकटीने लांबची वाट चालणं त्यांना नको होतं. त्याच देशात २०२१ पासून सहावीपुढच्या शाळा मुलींना बंद आहेत. पण तो सत्तेचा हुकूम आहे, तो घरांच्या मानसिकतेच्या खात्यात टाकू नये.

मग मनं बदलतच नाहीत का? बदलतात, आणि त्याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण पश्चिम बंगालमधलं आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायत प्रमुखांची एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली. कोणती पंचायत राखीव, हे सोडतीसारखं ठरायचं, गावाच्या मर्जीवर नव्हतं. त्यामुळे शास्त्रज्ञांच्या हाती आयताच प्रयोग आला. लोरी बीमन, दुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत आईबापांना आणि मुलांना विचारलं, की पुढे काय व्हावंसं वाटतं? किती शिकावंसं वाटतं? लागोपाठ दोन निवडणुकांत बाई प्रमुख झालेल्या गावांत किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातली दरी तर उरलीच नव्हती. मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला होता. गावात बायकांसाठी नव्या नोकऱ्या मात्र आल्या नव्हत्या. म्हणजे इथे पैशाचा हिशेब तोच होता. पंचायतीच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बाई बसलेली दिसत होती, इतकाच बदल.

लक्षात घ्या, एक निवडणूक पुरली नाही. पहिल्या वेळी गाव अशा बाईकडे अपवाद म्हणून पाहतं.

झांबियात अश्रफ, बाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाट चाचपून पाहिली. आठवीतल्या मुलींना त्यांनी घासाघीस शिकवली. म्हणजे भांडण नव्हे. समोरच्याला काय हवं आहे ते ओळखायचं, आपलं म्हणणं शांतपणे मांडायचं, दोघांना परवडेल असा तोडगा काढायचा. कामाच्या आणि अभ्यासाच्या वेळेवरून आईशी बोलताना, फीबद्दल वडिलांपुढे विषय काढताना हे उपयोगी पडावं, ही कल्पना. पुढच्या तीन वर्षांत या मुलींची शैक्षणिक वाटचाल इतरांपेक्षा सरस राहिली, आणि परिणाम विरला नाही. मुलींच्या दुसऱ्या एका गटाला प्रशिक्षण न देता फक्त माहिती दिली होती. त्या गटात काहीही बदललं नाही.