सीजीपीए : सगळा खेळ वजनांचा

पदव्युत्तर अभ्यासक्रम नुकताच संपवलेल्या एका विद्यार्थिनीने चारही सत्रांची गुणपत्रकं माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक सत्राच्या ग्रेडची दहापैकी सरासरी होती ७.००, ७.२५, ७.५० आणि ९.२५. "सगळे मिळवून चारने भागले की ७.७५ येतात. पण शेवटच्या गुणपत्रकावर सीजीपीए ७.५४ छापलाय. दुरुस्तीसाठी अर्ज करू का?"

सीजीपीए म्हणजे पहिल्या सत्रापासूनच्या सगळ्या ग्रेडची एकत्रित सरासरी. अर्जाची गरज नव्हती. छापलेला आकडा बरोबर होता. तिची बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. गडबड त्याच्या आधी झाली होती : चारही सत्रं सारख्याच वजनाची आहेत असं तिने धरलं होतं. हा गैरसमज मला इतक्यांदा भेटलाय की एकदा नीट लिहून काढावा असं वाटलं.

मूळ कृती सोपी आहे. प्रत्येक विषयाला काही क्रेडिट असतात, म्हणजे त्या विषयाचं अभ्यासक्रमातलं वजन. निकालात त्या विषयाला दहापैकी काही ग्रेड पॉइंट मिळतात. दोन्हींचा गुणाकार करायचा, सगळ्या विषयांचे गुणाकार मिळवायचे आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा एका सत्रात गणित (४ क्रेडिट, ९ पॉइंट), भौतिकशास्त्र (४, ७), प्रोग्रामिंग (३, ६), भाषा (२, ८) आणि प्रयोगशाळा (१, १०) असे पाच विषय आहेत. गुणाकार ३६, २८, १८, १६ आणि १०, बेरीज १०८, क्रेडिट १४. म्हणून सत्राची सरासरी, म्हणजेच एसजीपीए, ७.७१. नुसते पॉइंट मिळवून पाचने भागले असते तर ८ आले असते. प्रयोगशाळेतला दहा दिसायला दणदणीत, पण त्याचं वजन एकच क्रेडिट.

सीजीपीएसाठी हेच गणित पहिल्या सत्रापासून आजपर्यंतच्या सगळ्या विषयांवर करायचं. सत्रांच्या सरासरींवरूनही तो काढता येतो, फक्त प्रत्येक सरासरीला त्या सत्राच्या क्रेडिटने गुणायला विसरायचं नाही. या विद्यार्थिनीची पहिली तीन सत्रं २४ क्रेडिटची होती आणि शेवटचं, नुसत्या प्रकल्पाचं, १२ चं. १६८, १७४, १८० आणि १११ यांची बेरीज ६३३. भागिले ८४. उत्तर ७.५४.

गणितात याला भारित सरासरी म्हणतात, पण मला ती तराजूसारखी पाहायला आवडते. वजन नसलेली एक लांब पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर ० ते १० खुणा आहेत. ७.००, ७.२५ आणि ७.५० या खुणांवर २४-२४ ची वजनं टांगा आणि ९.२५ वर १२ चं. आता पट्टी एका बोटावर तोलायची आहे. बोट नेमकं ७.५४ च्या खुणेखाली ठेवलं तरच ती आडवी राहील. तरफेचा नियम आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी मांडला : वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. डावीकडची तीन वजनं टेकूपासून ०.५४, ०.२९ आणि ०.०४ अंतरावर आहेत, पूर्णांकनाआधीची बेरीज ०.८६, गुणिले २४. उजवीकडे १.७१ गुणिले १२. दोन्हीकडे साधारण २०.६ येतात. सीजीपीए म्हणजे तुमच्या सगळ्या ग्रेडचा गुरुत्वमध्य.

वजनं विसरली की किती फसगत होते, हे पाहण्यासारखं आहे. पहिल्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात १० क्रेडिटवर ९.० मिळवले आणि दुसऱ्या सत्रात ३० क्रेडिटवर ७.०. दुसऱ्याने पहिल्या सत्रात ३० क्रेडिटवर ८.८ आणि दुसऱ्यात १० क्रेडिटवर ६.८. दोन्ही सत्रांत पहिला पुढे आहे. पण सीजीपीए काढा : पहिल्याचा ७.५, दुसऱ्याचा ८.३! याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ च्या प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले होते. विभागवार आकडे मांडल्यावर मात्र स्त्रियांवर सरसकट अन्याय झाल्याचं दिसेना. प्रवेश मिळणं मुळातच अवघड असलेल्या विभागांकडे त्यांचे अर्ज जास्त होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेलं हे विश्लेषण संख्याशास्त्र शिकवताना आजही सांगितलं जातं.

आता या आकड्याचा मला सर्वांत आवडणारा गुण. सगळी जुनी गुणपत्रकं न उघडता, फक्त जुना सीजीपीए आणि जुने क्रेडिट माहीत असतील तरी नवा सीजीपीए काढता येतो. सूत्र असं :

नवा सीजीपीए = जुना सीजीपीए + (या सत्राचे क्रेडिट ÷ या सत्रासह एकूण क्रेडिट) × (या सत्राचा एसजीपीए − जुना सीजीपीए)

शब्दांत सांगायचं तर, नवं सत्र जुन्या सरासरीला आपल्याकडे ओढतं. पण किती ओढणार हे कंसातला अपूर्णांक ठरवतो. पाच सत्रांत प्रत्येकी २२ प्रमाणे ११० क्रेडिट झालेत आणि सीजीपीए ७.२० आहे असं धरू. सहाव्या सत्रात २२ क्रेडिटवर घसघशीत ९.०० मिळाले. फरक १.८०, अपूर्णांक २२/१३२ म्हणजे एक षष्ठांश. सीजीपीए ०.३० ने वाढून ७.५० होतो. हीच झेप दुसऱ्या सत्रात घेतली असती तर अपूर्णांक एक द्वितीयांश असता आणि वाढ ०.९० झाली असती. आठव्या सत्रात तो एक अष्टमांश, वाढ जेमतेम ०.२३. मेहनत तेवढीच, परिणाम आक्रसत जातो. "इतका अभ्यास केला तरी सीजीपीए हलत नाही" या तक्रारीचं कारण इथे आहे. आकड्याला जडत्व येतं आणि ते क्रेडिटगणिक वाढतं.

याच साच्याचं एक सूत्र अभियंते रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेल्या गाळणीत (फिल्टरमध्ये), म्हणजे चुका असलेल्या मोजमापांतून खऱ्या राशीचा अंदाज सुधारत नेण्याच्या पद्धतीत आहे. काल्मन गाळणी अपोलो यानांच्या मार्गदर्शनात वापरली गेली. तिथे जुना अंदाज, नवं मोजमाप, दोन्हींतला फरक आणि त्या फरकाला गुणणारा एक गुणक असतो. मोजायची राशी स्थिर असेल आणि प्रत्येक मोजमापाचं वजन त्याच्या विचरणाच्या (त्यातली चूक किती पसरलेली आहे याच्या मापाच्या) व्यस्त प्रमाणात घेतलं, तर काल्मनचं सूत्र हुबेहूब वरच्या सूत्रात उतरतं. क्रेडिटची जागा व्यस्त विचरण घेतं. चंद्राकडे निघालेलं यान आपली जागा कशी सुधारत जातं आणि आपला सीजीपीए कसा सरकतो, यांत एकच कल्पना असावी, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

हे सूत्र उलटंही वापरता येतं. वरच्याच विद्यार्थ्याला पाच सत्रांनंतर (७.२० वर असताना) आठ सत्रांअखेर ८.०० हवे आहेत. एकूण १७६ क्रेडिट, म्हणजे १४०८ पॉइंट लागतील. हातात ७९२ आहेत. उरलेले ६१६ पॉइंट ६६ क्रेडिटमध्ये मिळवायचे, म्हणजे तिन्ही सत्रांत सरासरी ९.३३. आणि उरलेल्या प्रत्येक विषयात दहा मिळाले तरी ८.२५ च्या वर जाता येणार नाही. 'तुमचा अंतिम सीजीपीए आम्ही आधीच सांगतो' अशा जाहिराती करणाऱ्या ॲपमध्ये याहून वेगळं काही असण्याचं कारण नाही. पुढच्या परीक्षेत काय होणार हे सूत्राला कळत नाही. काय अशक्य आहे एवढंच ते खात्रीने सांगतं.

काही बारकावे संस्थेच्या नियमांवर ठरतात. नापास विषयाचे शून्य पॉइंट धरले आणि क्रेडिट मात्र छेदात राहिले, तर सरासरी जोरात खाली येते. पुन्हा परीक्षा दिल्यावर जुनी ग्रेड पुसली जाते की दोन्ही मोजल्या जातात, हे आपल्या नियमावलीत बघावं. पूर्णांकन मात्र सगळ्यांनी अगदी शेवटीच करावं. ७.७४६ चे एका दशांशापर्यंत ७.७ होतात, आधी ७.७५ आणि मग ७.८ केले तर आकडा उगाच फुगतो.

राहिला टक्क्यांचा प्रश्न. सीजीपीएला ९.५ ने गुणलं की टक्के मिळतात, असं सर्रास सांगितलं जातं. भारतातल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, दहावीसाठी हा गुणक दिला होता. ९१ ते १०० या सर्वांत वरच्या गटातल्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास होती आणि त्या गटाला १० पॉइंट होते, म्हणून ९.५. तो त्या मंडळाच्या निकालांवरून काढलेला अंदाज होता; दुसऱ्या कुठल्याही श्रेणीपद्धतीला तो लावायला आधार नाही. आणि अचूक गुणक निघू शकत नाही याचं कारण श्रेणीपद्धतीतच आहे. ७० ते ७९ गुणांना ८ पॉइंट आणि ८० ते ८९ ला ९ पॉइंट असतील, तर प्रत्येक विषयात ७९ मिळवणाऱ्याचा सीजीपीए ८.०० होतो. एकूण क्रेडिटपैकी निम्मे असलेल्या विषयांत ८० आणि उरलेल्यांत ७० मिळवणाऱ्याचा ८.५०. पहिल्याचे टक्के ७९ आहेत, दुसऱ्याचे ७५.