जागतिक स्पर्धेसाठी पात्रता कशी ठरते? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या खेळाडूंसाठी माहिती आणि कागदपत्रं

जागतिक अजिंक्यपद किंवा ऑलिंपिकसाठी खेळाडूला स्वतः अर्ज करता येत नाही. ‘फॉर्म कुठं मिळतो?’ असं पालक मैदानावर आणि तालमीत नेहमी विचारतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. जागतिक स्पर्धेची प्रवेशिका त्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ पाठवतो, ऑलिंपिकची भारतीय ऑलिंपिक संघटना. महासंघाच्या नोंदीत आपलं नाव, जन्मतारीख आणि कामगिरी बिनचूक राहील, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

आपल्याकडं स्पर्धांच्या तीन वाटा आहेत. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. दसरा क्रीडा स्पर्धा युवा सबलीकरण व क्रीडा खातं भरवतं: तालुका, जिल्हा, बेळगाव विभाग आणि मग म्हैसूर. तिसरी वाट संघटनेची, म्हणजे जिल्हा संघटना, कर्नाटक राज्य संघटना आणि महासंघ. पहिल्या दोन्हींत जरूर खेळा, पण भारताच्या संघाची निवड तिसऱ्या वाटेनं होते. मुलगा दसऱ्याला विभागात पहिला येतो आणि संघटनेकडं त्याची नोंदणीच नसते, असं होऊ देऊ नका.

पात्रतेचा पाया गुणवत्ताच आहे आणि तो तसाच असावा, असं माझं ठाम मत आहे. पॅरिस २०२४ साठी ॲथलेटिक्समधल्या साधारण निम्म्या जागा ठरलेली वेळ किंवा अंतर गाठणाऱ्यांना आणि बाकीच्या जागतिक क्रमवारीवरून द्यायच्या, असं धोरण होतं. एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू. पुरुषांच्या १०० मीटरची प्रमाणवेळ १०.०० सेकंद होती, मॅरेथॉनची २ तास ८ मिनिटं १० सेकंद. त्या वेळी मॅरेथॉनमधला भारतीय विक्रम शिवनाथ सिंग यांचा होता: २ तास १२ मिनिटं, तोही १९७८ चा. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावले आणि एकोणिसावे आले. तेव्हा अशी प्रमाणवेळ नव्हती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून खेळाडू निवडले गेले आणि दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, म्हणून ते युरोपला पोचले.

कुस्तीचा हिशेब निराळा आहे. पॅरिसला प्रत्येक वजनी गटात सोळाच्या आसपास मल्ल आणि एका देशाचा एकच. पात्रता स्पर्धेत मल्ल जिंकतो, पण मिळालेली जागा देशाच्या नावावर लागते. तिथं कुणाला पाठवायचं हे महासंघ ठरवतो. त्यामुळं निवड चाचणीला फार महत्त्व येतं.

मग गुणवत्तेशिवाय कुणालाच घेऊ नये का? एक छोटी वाट मुद्दाम ठेवलेली आहे. ज्या देशाचा एकही जलतरणपटू ‘अ’ प्रमाणवेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठत नाही, त्याला आपला सर्वोत्तम एक पुरुष आणि एक महिला पाठवता येते. पॅरिसला भारताकडून याच तरतुदीतून श्रीहरी नटराज आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंगू उतरले, दोघेही बेंगळुरूचे. ‘अ’ वेळ गाठलेल्या कुणाचीही जागा यामुळं जात नाही. ज्या देशात तलावच कमी आहेत, तिथल्या मुलांना पोहावंसं वाटायला ही वाट हवी. पण ही सवलत देशाला मिळते, राज्याला किंवा जिल्ह्याला नाही. ‘सीमाभागातला मुलगा आहे, सांभाळून घ्या’ असं म्हणून कोणी संघात येऊ शकत नाही आणि येऊही नये. मात्र आपल्या मुलांची गुणवत्ता मोजलीच जात नाही, हा अन्याय खरा आहे आणि तो मला मनापासून सलतो.

गुणवत्ता मोजली जाणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. १०० ते ८०० मीटरपर्यंत हातातल्या स्टॉपवॉचची वेळ जागतिक पात्रतेला चालत नाही; इलेक्ट्रॉनिक टायमिंग लागतं. १०० आणि २०० मीटर, तसंच लांब उडीत पाठीमागचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर ती कामगिरी धरत नाहीत. गावच्या मॅरेथॉनचं अंतर प्रमाणित नसेल तर तिथल्या वेळेचा पात्रतेला उपयोग नाही. जत्रेच्या मैदानात मातीवर मारलेली कुस्ती कितीही देखणी असली, तरी मॅटवरच्या निवड चाचणीत ती मोजली जात नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा तरी मान्यताप्राप्त स्पर्धेसाठी बेंगळुरूपर्यंत जाण्याचा खर्च आधीच धरा.

कागदपत्रांत जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा. तो ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा हवा, शक्यतो जन्मानंतर लगेच नोंदवलेला. उशिरा केलेल्या नोंदीवर शंका घेतली जाते. वयचोरी रोखण्यासाठी केंद्र सरकारची संहिता आहे, आणि संशय आला तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. सोबत आधार, शाळेचा दाखला, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ॲथलेटिक्स असेल तर महासंघाचा नोंदणी क्रमांक. परदेशी स्पर्धेला पासपोर्ट लागतो. तो निवड झाल्यावर काढायला गेलात तर वेळ पुरत नाही.

आपल्या भागातली खरी अडचण नावाची असते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. कुठं वडिलांचं नाव गाळलेलं, कुठं आडनावाच्या जागी गावाचं नाव. हे सगळं नोंदणीच्या आधी एकसारखं करून घ्या. आधी जन्मदाखला दुरुस्त करा, मग त्यावरून आधार आणि शेवटी शाळेचा दाखला.

राज्य कोणतं, हा प्रश्न निपाणी-चिकोडीकडचे मल्ल हमखास विचारतात, कारण त्यांची तालीम कोल्हापुरात असते. एका हंगामात एकाच राज्याकडून खेळता येतं. राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं ना हरकत पत्र लागतं आणि नव्या राज्यात वास्तव्याचा पुरावा मागतात. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना शिक्षणात सवलती देतं, म्हणून खेळाची संघटनाही सीमाभागातल्या रहिवासाचा दाखला मानेल असं धरून चालू नका. आधी तिच्याकडून लेखी उत्तर घ्या.

चाचणीला जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच बरोबर ठेवा. निकालपत्रक लागलं की फोटो काढा. निवडीबद्दल तक्रार असेल तर तोंडी वाद न घालता त्याच दिवशी संघटनेच्या सचिवांना लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय मैदान सोडू नका.