हिराबोळ : हिरड्यांच्या विकारांतील उपयोग

हिराबोळ म्हणजे कॉमिफोरा मिऱ्हा या काटेरी झुडपाच्या सालीतून पाझरून वाळलेला कडू, सुगंधी, तांबूस-पिवळा स्राव. हे झुडूप गुग्गुळाच्या कुलातले, म्हणजे बर्सेरेसीतले. ते सोमालिया, पूर्व इथिओपिया, ईशान्य केन्या आणि दक्षिण अरबस्तानात वाढते; भारतातला सर्व माल आयात होतो. बाळंतिणीला बोळ देण्याची चाल सर्वपरिचित आहे.

नावाचा घोळ जुना आहे. अमरकोशात (साधारणतः इ. स. चौथे ते सहावे शतक) बोल, गंधरस, प्राण, पिंड असे पर्याय येतात, पुढच्या ‘गोपरस’ची फोड कशी करावी, याबाबत टीकाकारांत मतभेद आहेत. मराठीतला काळाबोळ हा राळेचा प्रकारच नव्हे. तो कोरफडीचा आटवलेला रस, म्हणजे एलिया. रक्त्याबोळ या नावाखाली काही जण हिराबोळच घेतात, तर काही हिरादखणासारखा तांबडा निर्यास. ‘बेसाबोळ’ हा दुसऱ्या कॉमिफोरा जातींचा हलका माल असून एकोणिसाव्या शतकात एडनहून मुंबईत येणाऱ्या पेट्यांत तो मिसळलेला असे. मुंबईत निवड होऊन चांगला माल युरोपला आणि गाळ चीनला जाई. पारख सोपी आहे : ईथरमधला अर्क बशीत आटवून उरलेल्या पापुद्र्याला ब्रोमिनची किंवा नत्राम्लाची वाफ द्यावी. अस्सल हिराबोळ जांभळा होतो, बेसाबोळ होत नाही. नुसत्या वासावर विसंबू नये.

सुश्रुतसंहितेत अकस्मात रक्त वाहणाऱ्या, मऊ पडलेल्या, दुर्गंधीयुक्त हिरड्यांच्या विकाराला ‘शीताद’ म्हटले आहे. तेथे रक्तमोक्षणानंतर (दूषित रक्त काढल्यानंतर) सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा व रसांजन (दारुहळदीचा आटवलेला अर्क) यांचा गंडूष, म्हणजे गुळणी, सांगितला आहे. बोळ त्यात नाही. म्हणून हा उपयोग युनानी वैद्यकाच्या वाटेने (तेथील नाव ‘मुर’, अर्थ कडू) रूढ झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्रावात तीन घटक असतात : पाण्यात विरघळणारा डिंक (साधारण निम्मा), अल्कोहोलात विरघळणारी राळ (पाव ते दोन पंचमांश) आणि थोडे बाष्पनशील तेल. यामुळेच काढा निकृष्ट ठरतो : राळ पाण्यात उतरत नाही, उकळताना तेल उडते, हाती मुख्यतः डिंक येतो. टिंक्चरसाठी (अल्कोहोलातल्या अर्कासाठी) 1 भाग भरड बोळ 90 टक्के अल्कोहोलाच्या 5 भागांत घालून बाटली घट्ट बंद करावी व सुमारे आठवडाभर रोज हलवावी. वस्त्रगाळ पूड वापरल्यास तिचा गोळा होऊन आतला भाग कोरडा राहतो. डिंकाचा चोथा बुडाशी उरणारच. तो पिळू नये, नुसते गाळून घ्यावे. पावसाळ्यात खडे खलात चिकटतात, म्हणून कुटण्याआधी ते कोरड्या हवेत कडक होऊ द्यावेत.

टिंक्चर कापसाच्या बोळ्याने हिरडीवर दिवसातून दोन-तीन वेळा लावतात, किंवा 5 ते 10 थेंब पेलाभर कोमट पाण्यात टाकून चूळ भरतात. पाणी दुधाळ होते. तो दोष नव्हे. विरघळलेली राळ सूक्ष्म कणांनी बाहेर पडल्याची ती खूण. युरोपीय औषध संस्थेच्या 2011 च्या नोंदीत तोंडातील किरकोळ व्रण व दाह यांसाठी हा उपयोग ‘पारंपरिक’ म्हणून मान्य केला आहे. म्हणजे आधार दीर्घ वापराचा, मोठ्या चाचण्यांचा नव्हे.

राळ हिरडीच्या पृष्ठभागाला आवळते, पण दातावर घट्ट बसलेले कीटण (टार्टर) काढत नाही. त्यामुळे रक्त थांबते आणि खालचा दाह चालूच राहतो. दात हलू लागेपर्यंत तो ध्यानात येत नाही. कीटण आधी खरवडून घेणे म्हणूनच अनिवार्य आहे. मंजनात घालताना गेरूसारखी खरखरीत पूड मिसळल्यास दाताची मुळे झिजतात. गरोदरपणी बोळ टाळतात, वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांनीही पोटात घेऊ नये, आणि अल्कोहोलामुळे लहान मुलांना टिंक्चर देत नाहीत.