एलएलबी तीन वर्षांची की पाच? खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची माहिती

कोर्टात उभं राहायचं तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोनच: बारावीनंतर पाच वर्षांची बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी, नाहीतर कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. डीएलएल, डीटीएल या पदविका कामगार कायदा किंवा कराच्या कामात उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर सनद मिळत नाही. घरबसल्या एलएलबी करून देतो असं कुणी म्हटलं तर एक रुपयाही देऊ नका. दूरस्थ एलएलबीला वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता नाही.

वकिली पक्की ठरली असेल तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक वर्ष वाचतं. मात्र तो तिसऱ्या वर्षी सोडला तर बीए हाती येत नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत मधूनच पदवी देऊन बाहेर काढायला मनाई आहे. केळी-कापसाच्या भावावर फी ठरणाऱ्या घरात हा धोका आधी मोजावा. मन डळमळीत असेल तर आधी पदवी घ्या, मग तीन वर्षांची एलएलबी करा. सनदेसाठी दोन्ही सारख्याच.

बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गात 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40 टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण त्याआधी बारावी झालेली हवी. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेवरून पदवी घेतलेल्यांचा अर्ज इथेच अडकतो.

प्रवेश राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत होतो. तीन आणि पाच वर्षांच्या सीईटी वेगळ्या, अर्जही वेगळे. भरताना नीट बघा. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं समजून दरवर्षी काही जण घरी बसतात. निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी, कागदपत्रांची तपासणी आणि कॉलेजांचा पसंतीक्रम हे सगळं वेगळं करावं लागतं. पसंतीक्रमात जळगाव, धुळे, नंदुरबारची विधी महाविद्यालयं टाकता येतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मात्र क्लॅट ही वेगळी, देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तयार ठेवा. आरक्षणासाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. जुनं जोडलं की त्रुटी निघते. वैधतेला महिने लागतात, म्हणून बारावीतच कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत ठेवावं.

ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी हातची जाते.