डर्ट बाइकचे सस्पेन्शन खाली करणे

डर्ट बाइक किंवा तिच्या जातीची ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी) गाडी चालवणाऱ्याच्या उंचीला जास्त पडत असेल, तर पुढचा फोर्क आणि मागचा शॉकअप कमी उघडेल अशी व्यवस्था करून सीट जमिनीजवळ आणतात. २५ ते ५० मिमीपर्यंत हे काम नीट जमते. त्यापुढे गेल्यास गाडी ज्या कामासाठी बनली तेच तिला जमेनासे होते. मग कमी उंचीची दुसरी गाडी घेतलेली बरी.

हीरो एक्सपल्स २०० ची २०१९ मधली मूळ सीट ८२३ मिमी उंच होती. रॅली किट (लांब सस्पेन्शनचा कंपनीचाच संच) बसवल्यावर ती ८८५ मिमी होते. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ची ८०० मिमी आहे. शहरातल्या सिग्नलला एक पाय टेकला तरी भागते. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वरकडच्या पांदण रस्त्यावर मात्र भागत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरने काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या कडक होतात. चाके मधल्या उंचवट्यावर आणि पाय चाकोरीत, अशी वेळ आली की ८२३ ची सीट ९०० च्या वर जाते आणि दीडशे किलोची गाडी एका बाजूला कलंडते. पण हाच रस्ता ग्राउंड क्लिअरन्सही (गाडीच्या तळाखालचे मोकळे अंतर) मागतो. २२० मिमीची गाडी ३० मिमी खाली आणली की फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल चाकोरीच्या कडांना लागू लागतात. किती खाली आणायचे ते या दोन्हींचा विचार करूनच ठरवावे.

शॉकअपला हात लावण्याआधी सीट पाहावी. फोम २० ते २५ मिमी छाटता येतो, आणि पुढच्या बाजूच्या कडा निमुळत्या केल्या की पाय सरळ खाली जातात. पुष्कळांचे काम एवढ्यानेच होते. फोम याहून पातळ केला तर सीटचा तळ टोचतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तासाभराच्या प्रवासातच ते कळते.

प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करून गाडी खाली आणणे हा सर्वात जास्त केला जाणारा चुकीचा उपाय आहे. त्याने शॉकअपची लांबी कमी होत नाही, गाडी फक्त जास्त बसते. खड्ड्यासाठी राखून ठेवलेला प्रवास (चाकाची वर-खाली हलण्याची जागा) उभ्या-उभ्याच खर्च होतो आणि पुढच्या खड्ड्यात शॉकअप तळाला आदळतो. खाली करण्याचे खरे तत्त्व उलट आहे: प्रवास कापायचा तो वरच्या टोकाचा, म्हणजे चाक जितके खाली लोंबते तेवढ्यातला. खालचे टोक, म्हणजे पूर्ण दाबल्यावरची जागा, कंपनीने ठेवली तिथेच राहिली पाहिजे.

फोर्कच्या नळ्या टीमध्ये (त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) वर सरकवणे हा झटपट मार्ग या तत्त्वात बसत नाही. दहा-पंधरा मिमीपर्यंत तो चालतो. त्यापुढे पूर्ण दाबाखाली टायर मडगार्डला किंवा खालच्या टीला भिडतो. त्यात काळी माती टायरला चिकटून थर वाढवते, त्यामुळे कोरड्यात मोकळे वाटणारे अंतर चिखलात भरून जाते आणि पुढचे चाक अडते. मागे शॉकअप आणि चिमटा (मागचे चाक धरणारा स्विंगआर्म) यांना जोडणाऱ्या लिंकेजमध्ये लांब लिंक घालून गाडी खाली आणली तरी पूर्ण दाबल्यावर चाक आधीपेक्षा वर जाते; शिवाय लिंकेजचे गुणोत्तर (शॉकअप एक मिमी दबताना चाक किती मिमी हलते ते) बदलते. हिमालयन ४११ ला लिंकेज आहे, तिथे हा मार्ग निघतो. केटीएम ३९० एन्ड्युरोसारख्या गाडीत शॉकअप थेट चिमट्यावर बसतो, तिथे लिंकच नाही.

योग्य काम आतून होते. साध्या डॅम्पर-रॉडच्या (आत छिद्रांचा दांडा असलेल्या) फोर्कमध्ये रॉडवर एक छोटी टॉप-आउट स्प्रिंग असते; फोर्क पूर्ण उघडतानाचा धक्का ती झेलते. तिच्या खालच्या बाजूला लेथवर बनवलेला ॲल्युमिनियमचा स्पेसर घालतात, म्हणजे फोर्क तेवढा कमी उघडतो. फोर्क तिरका असल्याने हेड अँगल (उभ्या रेषेपासूनचा फोर्कचा कल) २७ अंश धरला तर ३० मिमी खाली येण्यासाठी स्पेसर सुमारे ३४ मिमीचा लागतो. रॉडच्या डोक्याखाली रिबाउंडची (फोर्क परत उघडण्याचा वेग आवरणारी) बारीक छिद्रे असतात. स्पेसरने ती झाकली गेली तर ऑइलची वाट बंद होते आणि दबलेला फोर्क वर यायला वेळ घेतो. स्प्रिंगच्या वर प्रीलोडची नळी असेल तर तीही ३४ मिमी आखूड हवी, नाहीतर स्प्रिंग आधीच तेवढी दाबली जाते. ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून आणि फोर्क पूर्ण दाबून, वरच्या तोंडापासून मोजावी. पूर्ण दाबलेली लांबी बदललेली नसल्याने मॅन्युअलमधला आकडाच लागू पडतो.

मागच्या शॉकअपमध्ये स्पेसर शाफ्टवर, पिस्टन आणि सील-हेड (शाफ्टभोवतीचे सीलचे झाकण) यांच्यामध्ये बसतो. त्याची जाडी नुसत्या भागाकाराने काढू नये. चाकाचा प्रवास २२० आणि शाफ्टचा ८० मिमी असेल तर सरासरी गुणोत्तर २.७५ येते, म्हणून ३० मिमीला सुमारे ११ मिमी. पण लिंकेज असलेल्या गाडीत सुरुवातीचे गुणोत्तर सरासरीपेक्षा वेगळे असते. स्प्रिंग उतरवून शॉकअप जागेवर लावावा, एक्सल ३० मिमी उचलावा आणि शाफ्ट किती आत गेला ते व्हर्नियरने मोजावे. तीच स्पेसरची जाडी.

गॅसवर चालणाऱ्या शॉकअपमध्ये साधारण १० बार दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. तो सोडल्याशिवाय सील-हेड अडवून धरणाऱ्या सर्क्लिपला (कडीला) हात लावला तर सील-हेड गोळीसारखे उडते. नंतर ऑइलमधली हवा पूर्ण काढून गॅस पुन्हा भरावा लागतो. हे गल्लीतल्या गॅरेजचे काम नाही. हिंगणा एमआयडीसीसारख्या ठिकाणी लेथवर स्पेसर हवा तसा करून मिळतो, पण शॉकअप उघडण्याचे काम त्याची साधने असलेल्या माणसाकडेच द्यावे. कंपनीने पक्के बंद केलेले शॉकअप तर उघडतच नाहीत. तिथे छोट्या लांबीचा दुसरा शॉकअप किंवा लिंक एवढेच पर्याय उरतात.

प्रवास कमी झाला की स्प्रिंगचाही विचार करावा लागतो. २२० ऐवजी १९० मिमीत तोच धक्का पचवायचा तर हिशोबाने स्प्रिंग सुमारे ३४ टक्के कडक हवी. तेवढी कोणी घालत नाही, चालवणाऱ्याच्या वजनाला एक पायरी कडक पुरते. मात्र स्वार बसल्यावरचा सॅग (वजनाने गाडी जितकी बसते ते अंतर) नव्या प्रवासाच्या तीस टक्क्यांच्या आसपास आणावा. २२० ला तो ६६ मिमी होता, १९० ला ५७ होतो. म्हणजे रिकामी गाडी ३० मिमी खाली आली तरी बसल्यावरचा फायदा २१ मिमीचाच. गिऱ्हाईक नाराज होते ते इथे, म्हणून हा आकडा आधीच सांगितलेला बरा.

पुढचे आणि मागचे चाक सारखेच खाली आणावे. फक्त मागून ३० मिमी उतरवले तर १४१० मिमीच्या व्हीलबेसवर हेड अँगल सुमारे १.२ अंशांनी झोपतो. पुढचे चाक हलके होते आणि मुरमाच्या वळणावर गाडी बाहेर धावते. फक्त पुढून उतरवली तर उलट दोष येतो: सरळ रस्त्यावर वेग वाढला की हँडल अस्थिर होते.

उरलेली कामे छोटी आहेत, पण विसरली तर महागात पडतात. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याने उलट बाजूला पडते. तो कापून वेल्ड करावा, आणि मऊ मातीसाठी तळाला रुंद पत्रा लावावा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची वायर काढून ठेवावी. चेनचा ढिलेपणा काउंटरशाफ्ट, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आल्यावर तपासावा, कारण चेन सर्वात ताठ तिथेच होते. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा. ब्रेकची नळी जास्त ढिली होऊन टायरला घासत नाही ना, तेही पाहावे.

जोडणी पूर्ण करण्याआधी दोन्ही स्प्रिंगा न घालता गाडी एकदा पूर्ण दाबून पाहतात. मागे टायर, मडगार्ड, टेललाइटची वायर आणि नंबरप्लेट यांत बोटभर तरी अंतर राहिले पाहिजे. पुढे चिखलासाठी त्याहून जास्त.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. नागपूर शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालये अनुक्रमे एमएच-३१, ४९ आणि ४० क्रमांक देतात. गाडी ज्या कार्यालयाकडे नोंदलेली आहे तिथे काम सुरू करण्याआधी चौकशी करावी. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो, म्हणून काढलेले मूळ भाग, विशेषतः फोर्कमधल्या प्रीलोडच्या नळ्या आणि स्प्रिंगा, फेकू नयेत.