शाळेची मुलं मत्स्यालयात न्यायचीत? मग 'भेट' मागू नका, अर्ज असा करा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, 'मॅडम मुलांना मत्स्यालयात न्यायचंय, फॉर्म कुठे मिळतो?' आता फॉर्म हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, खरं काम त्याच्या आधी असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळी.

आधी तारापोरवालाचं. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते, २०१५ मध्ये दुरुस्ती करून ॲक्रिलिकच्या बोगद्यासकट परत उघडलं आणि २०२० मध्ये लॉकडाउनला जे बंद झालं ते झालंच. त्यामुळे शाळेच्या कपाटात 'मत्स्यव्यवसाय विभागास विनंती' अशी जुनी फाइल सापडली तर त्यातला मजकूर तसाच्या तसा उतरवू नका, आता अर्ज दुसरीकडे करायचाय. सध्या मुंबईकर शाळांना सोयीचं म्हणजे ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, ते वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे आणि ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला लागून आहे (अभयारण्य २०१५ चं, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं २०२२ मध्ये). शिवाय 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाली मंडळी २०१७ पासून ओहोटीला किनाऱ्यावर लोकांना फिरवून जीव दाखवतात, टाकीतल्या माशांपेक्षा मला स्वतःला तेच जास्त आवडतं. पण जाल तिथे कागदपत्रं थोड्याफार फरकाने हीच लागतात.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षी मी पत्रात लिहिलं 'शैक्षणिक भेटीस परवानगी मिळावी', परवानगी लगेच मिळाली, आम्ही साठ मुलं घेऊन गेलो, रांगेत उभे राहिलो, काचेसमोरून सरकत सरकत अर्ध्या तासात बाहेर. मुलांनी मासे बघितले, चिप्स खाल्ले, झालं. चूक तिथल्या लोकांची नव्हती, आम्ही भेट मागितली आणि त्यांनी भेट दिली. हाताळणीचं सत्र, म्हणजे मुलांनी स्वतः हात लावून, तपासून शिकायचं, असं हवं असेल तर तो शब्द पत्रात पाहिजे. कुठली इयत्ता, पुस्तकातला कुठला धडा, मुलांनी हाताने नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतंय, किती वेळ, किती मुलांची तुकडी, हे पाच-सहा ओळीत लिहा. दहावीचं प्राणी वर्गीकरण हे सगळ्यात सोपं उदाहरण, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी हे शब्द मुलं घोकून घोकून रडकुंडीला येतात आणि इथे एका उथळ टाकीत शंखातला खेकडा, गोगलगाय आणि तारामासा शेजारी शेजारी बसलेले असतात. असा धडा पत्रात दिसला की समोरचा माणूसही विचार करून सत्र आखतो.

कोणाला नेता येतं? हात लावायच्या टाकीला पहिली-दुसरीची मुलंसुद्धा चालतात, फक्त मोठी माणसं जास्त लागतात. पाणी तपासायचं असेल, म्हणजे खारेपणा, पीएच, अमोनिया वगैरे, तर सहावीच्या पुढे, नाहीतर मुलांना रंग बदलला एवढंच कळतं. (समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी तपासलं तर आकडा धाडकन खाली आलेला दिसतो, हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच कळू दे.) मायक्रोस्कोपखाली प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, बघायचे तर आठवी-नववी. माकूल (स्क्विड) कापून आतली शाईची पिशवी आणि तीन हृदयं दाखवायचा कार्यक्रम असेल तर पालकांना आधी विचाराच, आमच्या वर्गात शाकाहारी घरातली मुलं निम्मी आहेत आणि कुणाला जबरदस्ती नको, त्यांना त्या वेळात दुसरं काम द्यायचं हे पत्रातच लिहावं.

कागदपत्रं. मुख्याध्यापकांचं लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र, त्यावर शाळेचा ११ अंकी यू-डायस कोड (शाळेचा सरकारी नोंद क्रमांक). मुलांची यादी, नाव इयत्ता वय एवढीच, कोणी मागितल्याशिवाय आधारच्या झेरॉक्स वाटत फिरू नका प्लीज. सोबतच्या शिक्षकांची नावं, मोबाइल नंबर, ओळखपत्र. आमच्याकडे दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरतो आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. मग पालकांचं संमतीपत्र, यात फोटोची संमती वेगळ्या ओळीत घ्या, कारण जिथे जाता ते लोक पण फोटो काढतात आणि टाकतात. फी माफी किंवा सवलत पाहिजे असेल तर त्याच पत्रात मागा, तिकीट खिडकीवर पोचून मागितली तर तिथला माणूस काहीच करू शकत नाही.

संमतीपत्राच्या मागे आरोग्याचा कागद जोडा, याकडे सगळे दुर्लक्ष करतात. दमा, फिट येणं हे तर आहेच, पण कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी हा प्रश्न नक्की विचारा. कोलंबी खाऊन अंगावर पित्त उठतं असं पोर खेकडा हातात घ्यायला सगळ्यात पुढे असतं, आणि आईला वाटतं आपण काय खायला थोडीच देतोय.

बसचे कागद म्हणजे आरसी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स. बसवाला 'देतो मॅडम' म्हणतो आणि आदल्या रात्री धूसर फोटो पाठवतो, म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधीच घ्या.

ही सगळी फाइल घेऊन शिक्षण विभागाची परवानगी. माध्यमिक शाळांना शिक्षण निरीक्षकांचं कार्यालय, मुंबईत दक्षिण, पश्चिम, उत्तर अशी आहेत, तुमचं कुठलं ते क्लार्कला माहीत असतं. प्राथमिकला पालिकेचा शिक्षण विभाग. इथे वेळ जातो, महिनाभर तरी हातात ठेवा. आणि मत्स्यालयाकडून तारीख लेखी आल्याशिवाय हा अर्ज टाकू नका, कारण तारीख बदलली की परत पहिल्यापासून. फोनवर 'या हो' म्हणाले हे लेखी नव्हे, साधा ईमेल आला तरी चालतं, त्याची प्रिंट काढून जोडा.

किनाऱ्यावर न्यायचं असेल तर अजून जपून. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, समुद्राचं नाव काढलं की अधिकारी दहा प्रश्न विचारतात ते उगाच नाही. पत्रात स्पष्ट लिहा की पाण्यात उतरणार नाही, ओहोटीच्या वेळी खडकावर फिरणार, सोबत माहितगार माणूस आहे, परत फिरायची वेळ ही. वेळ मोघम नको. कोळीवाड्यातली जुनी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या. म्हणजे अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला, शाळेच्या वेळेत एकदम फिट बसते असं वाटतं, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, खडक नीट उघडे पडतच नाहीत. त्यापेक्षा द्वितीया-तृतीयेला सकाळी आठच्या आसपास पाणी बऱ्यापैकी मागे जातं, मुलांना लवकर बोलवावं लागतं एवढंच. हा हिशोब अंदाजापुरता, अर्जात भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळच टाका.

आणि हमीपत्रात एक ओळ स्वतःहून घाला, मुलं काहीही उचलून आणणार नाहीत. प्रवाळ, समुद्रघोडा हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या यादीत म्हणा ना. हे मुलांना सांगितलं की खिसे आपोआप रिकामे होतात, तरी बसमध्ये चढताना एकदा बघाच.

जायच्या दिवशी मूळ पत्रं एका फाइलमध्ये आणि झेरॉक्स दुसऱ्या शिक्षकाकडे. सत्राच्या आधी हात नुसत्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेले हात टाकीत गेले तर त्या जीवांना त्रास होतो, अंगठ्या-ब्रेसलेट काढायची, आणि दोन बोटांनी हलकेच स्पर्श, उचलायचं नाही. सत्र संपल्यावर मात्र साबण लावून स्वच्छ धुवायचे, डबे त्याच्यानंतरच उघडायचे. एक जादा टी-शर्ट आणायला सांगा. सगळे सांगतात आम्ही भिजणार नाही.